गिरणगावाचे फोटो काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ-लालबागच्या गल्ल्यांतून कॅमेरा घेऊन फिरणारी नवी मंडळी भेटली की बहुतेक तेच प्रश्न विचारतात. शिरायचं कुठून, परवानगी कोणाची, लेन्स कुठली, लोकांशी बोलायचं कसं. कोणी आर्किटेक्चरचं शिकत असतं, कोणाचे आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर विणणारे होते, कोणाला नुसती भिंतींची ओढ असते. सगळ्यांसाठी इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. माझा आग्रह एकच आहे आणि तो उत्तरांतून पुन्हा पुन्हा येईल: फोटोसोबत नोंद हवी. कुठली गिरणी, कुठलं खातं, कोणी सांगितलं, कधी काढला.

गिरणगाव नेमकं कुठून कुठपर्यंत?

या नावाचा वॉर्ड महापालिकेच्या नकाशावर सापडणार नाही. भायखळा-चिंचपोकळीपासून लालबाग, काळाचौकी, परळ, लोअर परळ, डिलाईल रोड, वरळी, प्रभादेवी, नायगाव आणि शिवडीपर्यंतचा पट्टा लोक गिरणगाव म्हणून ओळखतात. मुंबईतली पहिली कापड गिरणी मात्र थोडी बाहेर, ताडदेवला झाली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरात साठेक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार होते. चाळी, खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळं, मैदानं, युनियनची ऑफिसं हे सगळं त्या गिरण्यांभोवती वाढलं. म्हणून गिरणगावाचे फोटो म्हणजे फक्त गिरण्यांचे फोटो, असं धरून निघालात तर अर्ध्याहून जास्त गिरणगाव कॅमेऱ्याबाहेर राहील.

पण आता तिथे काढण्यासारखं उरलंय काय? सगळे टॉवरच झालेत ना?

बरंच गेलं आहे, हे खरं. श्रीनिवास मिलच्या जागी निवासी टॉवर आहेत, फिनिक्सचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं आली, ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन मिलच्या जमिनी २००५ मध्ये विकल्या गेल्या. दादरच्या चैत्यभूमीजवळची इंदू मिल, म्हणजे कागदोपत्री इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६, तिथे डॉ. आंबेडकरांचं स्मारक उभं राहत आहे. तरी उरलेलं कमी नाही, ते ओळखता यायला हवं.

सगळ्यात आधी दिसते ती चिमणी. फिनिक्सच्या आवारातली चिमणी काचेच्या दुकानांमध्ये उभी आहे, आणि तिच्याकडे मान वर करून बघणारा माणूस मी तिथे क्वचित पाहिला आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं. तिथला तलाव नीट बघा. गिरणी वाफेवर चालायची तेव्हा वाफ थंड करायला पाणी लागायचं आणि त्यासाठी आवारात तलाव असायचा. टाटा मिल आणि पोद्दार मिल या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या तर अगदी २०२० च्या कोविड टाळेबंदीपर्यंत चालू होत्या.

मग काळ्या दगडाच्या कुंपणभिंती. आतली गिरणी गेली तरी रस्त्याकडेची भिंत बरेचदा राहते, कारण ती पाडण्याची घाई कोणालाच नसते. त्या भिंतीत बुजवलेली दारं शोधा. दगडी चौकट तशीच आणि मधे वेगळ्या रंगाची विटांची भर दिसली की समजावं, इथून पाळी सुटायची. दाराच्या वर कोरलेलं नाव सिमेंटने लिंपलेलं असेल तर सकाळच्या तिरप्या उजेडात अक्षरांचे उंचवटे दिसतात. समोरून ऊन पडलं की ती अक्षरं गायब होतात, म्हणून अशा भिंतीला दोनदा भेट द्या.

आणि बसस्टॉप. गिरणी जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी बसथांब्यावर, दुकानाच्या पाटीवर, टॅक्सीवाल्याच्या तोंडी तिचं नाव चालू असतं. अशा पाट्यांचा वेगळा संच करा. पाटी बदलली की हा पुरावा एका दिवसात नाहीसा होतो.

पहिल्यांदा जातोय. कुठून सुरुवात करू?

करी रोड स्टेशनला उतरा. पूर्वेला लालबागच्या बाजाराकडे चाला, मसाल्याची गल्ली बघा, भारतमाता टॉकीजपर्यंत जा. मग मागे फिरून करी रोडच्या पुलावरून पश्चिमेला ना. म. जोशी मार्गावर उतरा, म्हणजे जुना डिलाईल रोड. तिथल्या बीडीडी चाळी बघून लोअर परळ स्टेशनच्या पलीकडे सेनापती बापट मार्गावर फिनिक्सच्या चिमणीपाशी या. चालायला फार नाही, पण थांबत थांबत गेलात तर सकाळ पुरत नाही.

पहिल्या फेरीत कॅमेरा कमी काढा, असं मी सगळ्यांना सांगतो. कुठला चहावाला जुना आहे, कुठल्या कट्ट्यावर म्हातारी माणसं बसतात, कुठल्या व्यायामशाळेचं दार उघडं असतं, एवढं जरी कळलं तरी दुसरी फेरी फुकट जात नाही.

बंद गिरणीच्या आवारात जाता येईल का?

लेखी परवानगी असेल तर. नसेल तर नाही.

जमीन कोणाची हे आधी शोधा. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची असेल तर त्यांच्या मुंबईतल्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. खासगी असेल तर मालक किंवा विकासक, आणि कोर्टात अडकलेली असेल तर परिस्थिती आणखी गुंतागुंतीची. अर्जात कारण, तारीख, माणसं किती आणि फोटोंचं पुढे काय करणार हे स्पष्ट लिहा. उत्तर यायला वेळ लागतो, अनेकदा येतच नाही. वॉचमनच्या हातावर काही ठेवून आत शिरण्याचा सल्ला देणारे भेटतील. तुम्ही निघून जाल आणि त्या माणसाची नोकरी जाईल, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती मी हळू आवाजात सांगणार नाही. २२ ऑगस्ट २०१३ रोजी महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये फोटो काढायला गेलेल्या एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. सोबत सहकारी असतानाही. दोष पूर्णपणे गुन्हेगारांचा होता. पण अशा जागा किती मोकाट सोडलेल्या असतात हे त्या दिवशी शहराला कळलं. परवानगी असली तरी एकट्याने जाऊ नका, स्त्री असो वा पुरुष. बाहेरच्या कोणालातरी जागा आणि परतायची वेळ सांगून ठेवा. अंधार पडायच्या आत बाहेर या.

इमारतीचाही धोका असतो. वरच्या मजल्यांच्या लाकडी फळ्या पाण्याने कुजलेल्या असतात आणि वरून धड दिसतात. मशिनं काढून नेताना जमिनीत खड्डे राहिलेले असतात. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, फुटलेल्या पत्र्यांजवळ धूळ उडवू नका आणि चांगला मास्क वापरा. जाड तळाचे बूट घाला.

रस्त्यावरून फोटो काढायला परवानगी लागते का? आणि ड्रोन?

सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून इमारतीचा फोटो काढायला सहसा लागत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार वास्तूचा फोटो काढणं किंवा छापणं हे उल्लंघन ठरत नाही. मॉलचं किंवा ऑफिस-संकुलाचं आवार रस्त्यासारखं वाटलं तरी ती खासगी जागा असते आणि तिथले सुरक्षारक्षक मोठा कॅमेरा बघून अडवतात. वाद घालू नका, बाहेरच्या फुटपाथवरून चिमणी तेवढीच चांगली दिसते. रेल्वेच्या हद्दीत ट्रायपॉड लावलात तर हटकलं जाणारच. परळ वर्कशॉप ही रेल्वेची चालू मालमत्ता आहे, तिथे परवानगीशिवाय जायचा विचारही नको.

ड्रोनचं स्वप्न सोडा. ड्रोन नियम, २०२१ आहेतच, शिवाय मुंबई पोलिस ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी काढत असतात. उंचावरून हवं असेल तर ओळखीच्या कोणाच्या टॉवरमधली गच्ची किंवा जिन्याची खिडकी मागा. गिरणीचं छप्पर वरून बघायला तेवढी उंची पुरते.

कॅमेरा कोणता घेऊ? मोबाइल चालेल?

चालेल. चाळीच्या अरुंद गॅलरीत मोबाइलने माणसं कमी बिचकतात. कॅमेरा असेल तर ३५ मिलिमीटरच्या आसपासची एक लेन्स पुरे. अगदी रुंद लेन्सने दहा बाय सोळाची खोली दिवाणखान्याएवढी दिसते, आणि ती खोटी नोंद होते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल ठेवा. बाकीच्या सामानावर पैसे घालवण्याआधी चांगली हार्डडिस्क घ्या.

गिरणीच्या आतला उजेड नेहमी वेगळा का दिसतो? फोटो कधी काढावेत?

हा माझा आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साचेखात्याची, म्हणजे विणकामाची शेड साधारण एकमजली असते आणि तिचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती, कौलांची किंवा पत्र्याची, आणि दुसरी उभट बाजू काचेची. ही काच उत्तरेला तोंड करून असते. पद्धत इंग्लंडमधल्या लँकेशायरची. दिवसभर उजेड यावा पण ऊन थेट आत येऊ नये, म्हणजे धाग्यातला दोष नीट दिसतो, डोळे दिपत नाहीत आणि शेड तापत नाही. वर्षातला बहुतेक काळ आत एकसारखा, सावली न पाडणारा उजेड असतो. माणसाचा चेहरा टिपायला याहून चांगला उजेड मुंबईत शोधून मिळणार नाही.

मात्र मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला शून्य सावलीचा दिवस येतो, आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकलेला असतो. तेव्हा उत्तरेच्या काचांतून थेट ऊन आत उतरतं. जून-जुलैमध्ये ढग असतात, त्यामुळे व्यवहारात हाती लागतात ते मेचे शेवटचे दिवस. परवानगी मिळालीच, तर ती त्या दिवसांतली मागून बघा. जमिनीवर उन्हाचे पट्टे पडतात आणि त्या पट्ट्यांत जमीन वाचता येते. सिमेंटमध्ये ओळीने बोल्टची भोकं असतात. ती साचे जिथे बसवले होते त्या जागा. दोन ओळींमधली अरुंद पट्टी घासून गुळगुळीत झालेली असते, तिथे साचेवाला आठ तास उभा राहायचा. तेलाचे डाग त्या पट्टीच्या कडेकडेने असतात.

खांबही बघा. ते बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आतून पोकळ. बऱ्याच खांबांना वर ब्रॅकेट किंवा त्यांचे बोल्ट शिल्लक असतात, एकाच शाफ्टवरून पट्ट्यांनी सगळी मशिनं चालायची त्या काळातले. खांबाच्या बुडाशी ओतकाम करणाऱ्या कारखान्याचं नाव असू शकतं. रंगाच्या थरांखाली ते दडलेलं असतं, टॉर्च बाजूने धरा. खरवडू नका.

आत काचेचा भाग प्रखर आणि कोपरे काळोखे असतात. तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन ठेवा, पण नंतर ते जोडताना सगळा काळोख उजळवू नका. रंगखात्याचा कोपरा चालू गिरणीतही काळोखाच असायचा.

बाहेरच्या फोटोंसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ बरी. पावसाळ्यात काळा दगड भिजून खरा रंग दाखवतो, तेव्हा जरूर जा, मात्र लेन्सला बुरशी धरते. घरी डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि ती बदलत राहा.

चाळीत फोटो काढताना काय पाळायचं?

चाळ हे कोणाचं तरी घर आहे आणि गॅलरी ही त्या घराची पुढची खोली. खाली कट्ट्यावर किंवा मंडळाच्या ऑफिसात बसलेल्यांना आधी भेटा. "काका, मी अमुक, तमुक ठिकाणाहून आलो, चाळीचे फोटो काढायचेत, चालेल का?" एवढं पुरतं. बहुतेक वेळा कोणीतरी सोबत येतं आणि मग सगळी दारं उघडतात. सकाळी पाण्याच्या वेळी जाऊ नका, तेव्हा कोणालाच उसंत नसते. दोरीवरचे कपडे, सामाईक संडासाची रांग, दुपारी दारात आडवं झालेलं माणूस, हे फोटो मोह पाडतात. स्वतःच्या घराचे असे फोटो तुम्ही अनोळखी माणसाला काढू द्याल का, हे स्वतःला विचारा. लहान मुलांसाठी आई-वडिलांना विचारा.

बीडीडी चाळींबद्दल थोडं: १९२० च्या दशकात सरकारच्या विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला त्या बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. आता पुनर्विकास चालू आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला चाळ पडतेय म्हणून वाईट वाटतं. ज्यांनी शंभर वर्षं तिथला ओलावा आणि सामाईक संडास सोसला त्यांना चावी मिळाल्याचा आनंद असतो. तो आनंदही फोटोत यायला हवा. तुमचा हळवेपणा त्यांच्यावर लादू नका.

गणपतीत जायचं तर विसर्जनाचा दिवस टाळा, गर्दीत काहीच हाती लागत नाही. आगमनाच्या आधीचे दिवस बघा. चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, गणेश गल्लीचं १९२८ चं, लालबागच्या राजाचं १९३४ चं. मांडव उभारणारी, वर्गणीची वही घेऊन फिरणारी मंडळी दिसतील, आणि त्यांच्यात जुन्या गिरणी कामगारांची मुलं-नातवंडं.

जुन्या कामगारांशी काय बोलू? ते बोलतील का?

तुम्ही त्यांच्या शब्दांत विचारलंत तर नक्की बोलतील. "तुम्ही गिरणीत काय करत होता?" असं विचारलं की "कामाला होतो" एवढं उत्तर मिळतं. "कुठल्या खात्यात होता? साचेखात्यात की त्रासनात?" असं विचारा, चेहरा बदलतो. साचेखातं म्हणजे विणकाम, साचा म्हणजे माग, त्रासन म्हणजे सूतकताई. कांडीखातं, रंगखातं, घडीखातं. बदली कामगार म्हणजे रोज दारात उभा राहून काम मिळतं का बघणारा. जॉबर, मुकादम, आणि बायकांच्या खात्यावरची नायकीण. पाळी कुठली, भोंगा कुठल्या गिरणीचा ऐकू यायचा, खानावळ कोणाची, गावकीच्या, म्हणजे एका गावच्या माणसांच्या सामाईक खोलीत किती जण, पेट्या कशा लावलेल्या असायच्या. रातपाळीचा माणूस उठला की त्याच्याच जागी दिवसपाळीचा झोपायचा, हे ते सांगतील.

साचेखात्यात आयुष्य गेलेल्या अनेकांना ऐकू कमी येतं. समोर बसा, सावकाश बोला, रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा. आजींना विसरू नका. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी हे गाव चालवलं. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गिरणगावाच्या फोटोसंग्रहांत खानावळीची ओळ सहसा नसते, ही मोठी उणीव आहे.

कठीण गोष्टीही विचारा. दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात) तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. म्हणून त्यांची भरती त्रासनात व्हायची. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उचलला होता. ते स्वतः अनेक वर्षं परळच्या चाळीत राहत होते. रिकाम्या साचेखात्याच्या फोटोखाली ही गोष्ट लिहिली नाही, तर तो फोटो अर्धंच सांगतो.

काळाचौकीच्या एका काकांना मी एका भिंतीचा फोटो दाखवला होता. भिंतीवर फिकट आयताकृती डाग आणि त्याखाली चार खिळे, मला त्यात एवढंच दिसत होतं. काकांनी चष्मा पुसला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "ही हजेरीची जागा. हा बोर्ड. बिल्ले ह्या अंगाला." मग बोट फोटोच्या कडेबाहेर नेऊन म्हणाले, "आणि दार इथे. तुम्ही दार घेतलंच नाही." त्यानंतर मी प्रिंट सोबत नेतो आणि मागच्या बाजूला, लोक सांगतील तसं, तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहून घेतो.

पडक्या गिरण्यांचे सुंदर फोटो काढण्यात चूक काय?

सुंदर काढण्यात काहीच चूक नाही. भिंतीतून उगवलेला पिंपळ सुंदरच दिसतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा फोटो बघणाऱ्याला वाटतं की ही जागा आपोआप, काळाच्या ओघात ओसाड झाली. गिरण्या निर्णयांनी बंद झाल्या. कोणी गुंतवणूक थांबवली, कोणी जमिनीचा भाव बघितला, कोणी कायदा बदलला. मागे राहिलेली माणसं जवळच, कधी त्याच रस्त्यावर राहत होती. कोणी वॉचमन झाला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावी परतला. म्हणून पिंपळाच्या फोटोशेजारी त्या रस्त्यावरच्या आजच्या एका माणसाचा फोटो ठेवा.

कॅप्शनमध्ये संपाबद्दल काय लिहू? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

निश्चित गोष्टी लिहा. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार आणि बोनसच्या जोडीला मागणी होती ती १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याबद्दल, ज्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच मान्यताप्राप्त प्रतिनिधी म्हणून बोलता येत होतं. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. सामंतांची हत्या झाली.

"संपामुळे गिरण्या बंद पडल्या" हे एका ओळीचं कॅप्शन टाळा. संपानंतरही अनेक गिरण्या वर्षानुवर्षं चालल्या. भिवंडीसारख्या ठिकाणचे यंत्रमाग स्वस्त पडत होते, जुनी मशिनं बदलली गेली नव्हती, आणि १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करायची वाट उघडली. जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी विभागणी होती. २००१ च्या बदलाने ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली, म्हणजे वाटपात येणारी जमीन आकसली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. लोअर परळच्या कुठल्याही टॉवरच्या फोटोमागे हा इतिहास आहे. कामगारांच्या हक्काच्या घरांचा लढा, दत्ता इस्वलकरांसारख्या कामगार नेत्यांनी आयुष्यभर लढवलेला, अजून संपलेला नाही. सुमारे दीड लाख अर्जांपुढे सोडतीत निघालेली घरं थोडीच आहेत.

"तेव्हा आणि आता" अशी जोडी कशी जमवू?

जुन्या फोटोतली न हलणारी खूण शोधा: चिमणी, पुलाचा दगडी खांब, रेल्वेचा रूळ. तिच्या आधाराने उभं राहायची जागा ठरवा. वर्षातल्या त्याच महिन्यात जा, म्हणजे सावल्या जुळतात. आणि आजचा फोटो पुढच्या माणसाचा "तेव्हा" होणार आहे, हे धरून त्याची जागा, दिशा, लेन्स आणि कॅमेऱ्याची उंची लिहून ठेवा.

जुने फोटो कामगारांच्या घरी असतात: स्टुडिओत काढलेले, मंडळाच्या नाटकातले, गेटपासवरचे. ते घरी घेऊन जाऊ नका. तिथेच खिडकीजवळ सपाट ठेवून वरून फोटो घ्या, काचेची फ्रेम असेल तर काळा कपडा धरून चमक मारा. मागची बाजूही घ्या, तिथे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असते. पगाराची चिठ्ठी, बिल्ला, व्हीआरएसचा (स्वेच्छानिवृत्तीचा) कागद दाखवला तर तोही, पण नाव आणि नंबर त्यांच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

प्रदर्शन करायचंय, फोटो विकायचेत. चालेल?

तुमच्या फोटोचा कॉपीराइट तुमचाच. माणसाचा चेहरा ओळखू येत असेल आणि वापर जाहिरातीसाठी असेल तर लेखी संमती घ्या, मराठीत, वाचून दाखवून. प्रदर्शन कुठे करायचं तर आधी तिथेच, चाळीच्या अंगणात किंवा मंडळाच्या हॉलमध्ये. तिथे चुकीचं कॅप्शन पाच मिनिटं टिकत नाही. प्रत्येक माणसाला त्याची प्रिंट द्या. "पाठवतो" म्हणून न पाठवणारे फोटोग्राफर गिरणगावाने पुष्कळ बघितले आहेत.

आमची चाळ महिन्याभरात रिकामी होतेय. हातात फक्त मोबाइल आहे. काय काय काढू?

उद्याच सुरू करा, आणि सामान बांधायच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी कोणी जागेवर नसतं.

आधी रस्त्यापलीकडून पूर्ण इमारत, मग जिना खालपासून वरपर्यंत, प्रत्येक मजल्याचा बोळ दोन्ही टोकांकडून. जिन्याच्या पायऱ्यांची झीज बाजूने उजेड घेऊन. मीटरबोर्डावरची नावं, टपालपेट्या, मंडळाचा फळा, व्यायामशाळेतली आरशाची भिंत, नळाची जागा. ज्यांची हरकत नाही त्यांच्या खोल्या आहेत तशा, आवरल्याशिवाय: पोटमाळा, मोरी, देव्हारा, भिंतीवरची वडिलांची तसबीर. प्रत्येक घरातल्यांना त्यांच्या दारात उभं करून एक फोटो, खोली क्रमांक दिसेल असा.

मग सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या आणि बोळातून चालता चालता मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. कुठल्या खोलीत कोण होतं, कोणत्या गिरणीत, मूळ गाव कुठलं. नंतर तुमच्याकडे मजल्याचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यात नावं भरलेली असतील. फाइलींना तारीख, चाळ क्रमांक, मजला, खोली या क्रमाने नाव द्या. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या कोणाच्या घरी. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत मोजू नका, तिचा दर्जा उतरतो आणि तारीखही निघून जाते. नव्या इमारतीत मंडळाचं ऑफिस झालं की एक पूर्ण संच तिथल्या कपाटात द्या, वहीसकट.